फोटोचा पत्ता बदलण्याआधी मामांचा आयपॅड बघा

मावसबहिणीच्या लग्नात, पंगतीत मामा शेजारी येऊन बसले. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता म्हणाले, "काय रे, तुझ्या त्या किल्ल्यांच्या साइटवरचे फोटो काढून टाकलेस होय?"

"नाही हो मामा. आहेत की सगळे."

"कुठं आहेत? नुसते चौकोन दिसतात. दिवाळीपासनं. मला वाटलं, जागा संपली असंल तुझी."

लग्न फेब्रुवारीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या ट्रेकच्या ग्रुपच्या साइटवरचे सगळे फोटो जेपीजीमधून वेबपी या नव्या फॉर्मॅटमध्ये नेले होते आणि पानांवरच्या लिंक बदलल्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर, फोनवर सगळं झकास दिसत होतं. साइट पटकन उघडत होती, मी स्वतःवर खूश होतो. मधल्या काळात मामांचे निदान चार फोन आले असतील. केळवणाचं बोलणं झालं, आहेराचं झालं, फोटोंचं नाही. कशाला बोलतील? फोटो दिसला नाही की माणूस तक्रार करत नाही, पुढे जातो.

साइटवरच्या फोटोंच्या लिंक बदलण्यात खरी अडचण हीच आहे. पान बंद पडलं तर बोंब होते. फोटो दिसेनासे झाले तर शांतता असते, आणि ती शांतता सगळं ठीक असल्यासारखीच वाटते. म्हणून ज्यांच्याकडून तक्रार येणार नाही त्यांच्या बाजूने आधीच तपासून बघावं लागतं. ते कसं, आणि नक्की काय तपासायचं, ते सांगतो. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. साइट कुणाकडून करून घेत असाल तर त्याला नेमके प्रश्न विचारता येतील, एवढं तरी हाती लागेल.

पत्रिकेत कार्यालय नसतं, पत्ता असतो

वेबपानाच्या फाइलमध्ये फोटो नसतो. तिथे इमेज टॅग नावाची एक छोटी सूचना असते आणि तिच्यात फोटोचा पत्ता. लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता छापलेला असतो तसाच. त्या पत्त्यावर जाऊन फोटो आणायचा आणि पानावर मांडायचा, हे काम वाचणाऱ्याच्या ब्राउझरचं. तुमचं काम पत्रिका छापून संपतं.

ब्राउझरच्या वाटेत बरेच टप्पे असतात. पत्ता अर्धवट असेल तर तो पुरा करायचा. त्या सर्व्हरशी, म्हणजे फोटो ठेवलेल्या संगणकाशी, जोडणी करायची, त्याचं सुरक्षा सर्टिफिकेट खरं आहे का ते बघायचं. मग मागणी करायची, आणि मागतानाच आपल्याला कोणकोणते फॉर्मॅट कळतात तेही सांगायचं. फाइल आली की ती उलगडायची, म्हणजे त्या आकड्यांच्या गाठोड्यातून रंगीत ठिपके तयार करायचे. शेवटी ते पानावर ठेवायचे. यातला कुठलाही टप्पा अडला तरी वाचणाऱ्याला दिसतो तो एकच चौकोन.

मामांच्या आयपॅडवर अगदी शेवटून दुसरा टप्पा अडला होता. पत्ता बरोबर, जोडणी झाली, फाइल पूर्ण उतरली, त्यांचा डेटाही खर्च झाला, आणि मग ती फाइल उलगडताच आली नाही. गंमत म्हणजे माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, या प्रत्येक फोटोपुढे '२००' असा आकडा होता. म्हणजे मागणी आली, फाइल दिली, काम फत्ते. सर्व्हरच्या दृष्टीने ते खोटंही नव्हतं.

इमेज टॅगचा जन्मच असा आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन मोझेइक नावाचा ब्राउझर बनवत होता, तेव्हा त्याने हा टॅग सुचवला. कोणते फॉर्मॅट चालवायचे हे त्याने ब्राउझरवरच सोडलं होतं. एखादा फॉर्मॅट नाही कळला तर ब्राउझरने त्याला वाटेल ते करावं, मोझेइक त्या जागी एक ठरावीक चित्र लावेल, असं त्यात होतं. फाटक्या फोटोचं ते चिन्ह मागाहून आलेला बिघाड नाही, मूळ आराखड्यातच त्याची सोय होती!

"पण मी क्रोम टाकलंय की"

जेवणं झाल्यावर मामांनी पिशवीतून आयपॅड काढला. न्यू जर्सीच्या मुलाने नवा घेतल्यावर यांच्याकडे आलेला, पहिल्या पिढीचा आयपॅड एअर, २०१३ चं मॉडेल. मी म्हटलं, सफारी, म्हणजे ॲपलचा ब्राउझर, जुनी असेल. तर मामा म्हणाले, "पण मी क्रोम टाकलंय की त्यात."

इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो होतो. ब्राउझर म्हणजे स्क्रीनवरचा आयकॉन नव्हे. आत एक इंजिन असतं आणि फोटो दिसायचा की नाही ते इंजिन ठरवतं. ॲपलच्या नियमानुसार आयफोन-आयपॅडवरच्या प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच वेबकिट इंजिन वापरावं लागतं. २०२४ मध्ये युरोपीय संघात ही अट सैल झाली, बाकी बहुतेक ठिकाणी कायम राहिली. म्हणजे मामांच्या आयपॅडवर क्रोम काय आणि फायरफॉक्स काय, वरचा रंग वेगळा, आत सफारीच. आणि ते इंजिन आयओएस या ॲपलच्या सिस्टिमबरोबरच येतं. तो आयपॅड आयओएस १२ च्या पुढे जात नाही, वेबपी आलं ते आयओएस १४ मध्ये, सप्टेंबर २०२० ला.

वेबपी काही त्या वर्षीचं नव्हतं. गूगलने ते २०१० मध्ये जाहीर केलं होतं. तेवढ्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असं गूगलचं म्हणणं. त्यांच्या क्रोममध्ये ते लगेच आलं, फायरफॉक्सने जानेवारी २०१९ पर्यंत वाट बघायला लावली, सफारीने त्याहून जास्त. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते शेवटपर्यंत आलं नाही. एव्हीआयएफ हा त्याच्या पुढचा फॉर्मॅट. तो क्रोममध्ये २०२० ला, फायरफॉक्समध्ये २०२१ ला, आयफोनवर २०२२ ला आणि मायक्रोसॉफ्ट एजमध्ये तर जानेवारी २०२४ ला आला. एज आतून क्रोमच्याच इंजिनावर चालतो, तरी साडेतीन वर्षांचा फरक! आणखी एक खाच सफारी १४ ची: बिग सर किंवा त्यापुढची सिस्टिम असलेल्या मॅकवर ती वेबपी दाखवते, आधीच्या कॅटलिना सिस्टिमवर तीच सफारी १४ दाखवत नाही. नुसता ब्राउझरचा आकडा विचारून भागत नाही, खालची सिस्टिमही विचारावी लागते.

कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं याचे तक्ते इंटरनेटवर मिळतात आणि ते चांगले असतात. पण त्यातली टक्केवारी जगाची असते. तुमच्या साइटवर येणारी माणसं वेगळी असू शकतात. आमच्याकडे निवृत्त मंडळी बरीच, म्हणजे मुलांनी दिलेले जुने टॅब्लेट आलेच. गावाकडच्या एखाद्या शाळेत अजून विंडोज ७ चा संगणक असतो. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, पण वेबपी आणि एव्हीआयएफ त्यालाही कळतात. तिथली भीती वेगळी: डेस्कटॉपवरच्या निळ्या 'ई'वर, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररवर, सवयीने क्लिक करणारे गुरुजी. २०१७ मध्ये आलेला जिओफोन चालतो कायओएस या सिस्टिमवर, आणि त्याच्यातलं इंजिन फायरफॉक्स ४८ च्या काळातलं आहे. त्याला वेबपी ठाऊक नाही. ऑपेरा मिनीचा डेटा वाचवणारा मोड तर तुमचं पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उघडतो आणि दाबून-चेपून फोनवर पाठवतो. फेसबुक-इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की पान त्यांच्याच आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. तेव्हा आधी साइटच्या आकडेवारीत जाऊन गेल्या तीन महिन्यांत कोणती उपकरणं आली ते पाहा. त्यातली सर्वांत जुनी जी असतील ती कागदावर लिहून काढा. सर्वांत जास्त कोणती आली हे इथे बिनमहत्त्वाचं, ती चालणारच आहेत.

नवं बाहेर, जुनं आत

मामांचा प्रश्न सोडवायला जेपीजीकडे परत जायची गरज नव्हती. ब्राउझरचा एक जुना, चांगला स्वभाव आहे: न कळलेला टॅग तो गुपचूप सोडून देतो आणि आत जे कळतं ते दाखवतो. पिक्चर टॅग याच स्वभावावर उभा आहे. डबा समजा. वरच्या कप्प्यात एव्हीआयएफचा पत्ता, मधल्यात वेबपीचा, तळाशी नेहमीचा इमेज टॅग, जेपीजीचा पत्ता घेऊन. ब्राउझर वरून खाली येतो आणि आपल्याला पचेल तो पहिला कप्पा उचलतो. ज्याला डबाच कळत नाही तोही तळातला जेपीजी दाखवतो. क्रोममध्ये हा टॅग २०१४ पासून आहे, मामांच्या आयओएस १२ मध्येही आहे.

यात दोन फसगती आहेत, आणि दोन्ही मी स्वतः खाल्ल्या आहेत.

पहिली म्हणजे प्रत्येक कप्प्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी लावावी लागते. ती लावली नाही तर ब्राउझर आत डोकावून बघत नाही, पहिलाच कप्पा उचलतो आणि मग तोंडघशी पडतो. दुसरी जास्त वाईट. लोकांना वाटतं, वेबपीची फाइल सर्व्हरवर सापडलीच नाही तर ब्राउझर आपोआप खालच्या जेपीजीकडे वळेल. वळत नाही! ब्राउझर कप्पा निवडतो तो चिठ्ठी वाचून, फाइल आहे की नाही ते बघून नव्हे. निवडलेल्या कप्प्यात फाइल नसली तर चौकोन, तळाशी जेपीजी असला तरीही. म्हणजे अर्धेच फोटो वेबपीत नेऊन सगळ्या पानांवर पिक्चर टॅग लावला, तर जुन्या आयपॅडवर सगळं दिसेल आणि नव्याकोऱ्या फोनवर अर्धं गायब. मामांच्या अगदी उलट. नुसतं जुन्यावर तपासूनही भागत नाही ते यामुळे.

आणखी एक पद्धत असते: पानावर पत्ता जेपीजीचाच ठेवायचा आणि ज्याला वेबपी चालतं त्याला सर्व्हरनेच गुपचूप वेबपी द्यायचं. सुटसुटीत आहे. पण मधे कॅशे, म्हणजे एकदा दिलेल्या फाइलींचा साठा, असेल तर सर्व्हरने उत्तरासोबत सांगावं लागतं की हे उत्तर मागणाऱ्यानुसार बदलतं. ते सांगायचं राहिलं तर क्रोमवाल्यासाठी साठवलेलं वेबपी कॅशे खुशाल मामांना देतो. अशी चूक शोधणं म्हणजे डोकेदुखी, कारण ती कधी असते, कधी नसते.

आणि फाइलचं शेपूट, म्हणजे नावातल्या टिंबापुढची अक्षरं, बदलून फॉर्मॅट बदलत नाही, बरं का. ब्राउझर शेपटाकडे बघतच नाही, आतले पहिले काही बाइट बघतो. कुठून तरी उतरवलेला 'जेपीजी' आतून वेबपी निघण्याचे प्रकार सर्रास होतात.

फोटो उशिरा लोड करण्याबद्दल थोडक्यात. त्यासाठी आता ब्राउझरमध्येच सोय आहे. इमेज टॅगवर एक शब्द वाढवायचा, जुना ब्राउझर तो शब्द सोडून देतो आणि फोटो लगेच आणतो, कुणाचं नुकसान नाही. जुन्या थीममध्ये मात्र खरा पत्ता दुसऱ्याच जागी लपवून स्क्रिप्टने तो नंतर बसवायची पद्धत असते. ती स्क्रिप्ट जिथे चालली नाही तिथे पान कोरं. शक्य असेल तर ती काढून टाका.

हरिहरच्या पायऱ्या

आता मुख्य गोष्ट. लग्नाहून आल्यावर मी शहाणा झालो होतो. थेट साइटला हात न लावता एक वेगळं पान केलं, त्यावर बारा फोटो. मुद्दाम निवडलेले: एक जुन्या पद्धतीने, तीन पिक्चर टॅगने, दोन स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लहान-मोठी फाइल निवडणारे, एक पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो, एक दुसऱ्या सर्व्हरवरचा, आणि बाकीचे नावांमुळे घेतलेले. काहींच्या नावात मोकळी जागा, काहींत मोठी-छोटी रोमन अक्षरं, काहींचं नाव सरळ देवनागरीत. प्रत्येक फोटोखाली ठळक आकडा. लिंक मामांना पाठवली आणि म्हटलं, "कोणते आकडे रिकामे दिसतात तेवढं सांगा." 'दिसतंय का' असं विचारलं की माणसं 'दिसतंय' म्हणतात. आकडा विचारला की बघतात.

मामांचं उत्तर आलं: पाच, नऊ, बारा.

मला वाटलं, पुन्हा आयपॅडच. पण शेजारच्या काकूंच्या नव्या सॅमसंगवरही तेच तीन रिकामे. वॉचमनच्या फोनवरही. माझ्या मॅकवर मात्र बाराही फोटो हसत उभे.

पाच नंबर लवकर सापडला. फाइलच्या नावात मोकळी जागा होती. साध्या इमेज टॅगमध्ये ती चालून जाते, ब्राउझर तिथे टक्क्याच्या चिन्हाचा संकेत स्वतःच बसवतो. पण वेगवेगळ्या रुंदीच्या फाइलींची यादी देतो त्या जागी मोकळ्या जागेला अर्थ असतो: तिच्या अलीकडे पत्ता, पलीकडे फाइलची रुंदी. 'राजगड पद्मावती' असं नाव तिथे लिहिलं की ब्राउझर 'राजगड' हा पत्ता समजतो आणि 'पद्मावती' ही रुंदी. तो बिचारा काय करणार. मग हा फोटो माझ्याकडे कसा दिसला? मी सर्व्हरवरचं पान नव्हे, मॅकवरच्या माझ्या फोल्डरमधली त्याची आधीची प्रत उघडून बसलो होतो, ज्यात ही यादी नव्हती. तपासताना सर्व्हरवरचंच पान उघडा, तेही इन्कॉग्निटो खिडकीत, किंवा एफ१२ दाबून नेटवर्कच्या भागात कॅशे बंद करा, हे मी तेव्हापासून मंत्रासारखं म्हणतो. सर्व्हरवरून केव्हाच उडवलेला फोटोही आपला स्वतःचा ब्राउझर कॅशेतून दिवसेंदिवस दाखवत राहतो.

नवाचा घोळ मोठ्या-छोट्या अक्षरांचा होता. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलचं शेपूट मोठ्या अक्षरांत असतं, मी पानावर छोट्यात लिहिलं होतं. विंडोज आणि मॅक सहसा दोन्ही एकच मानतात. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात, त्याला 'ए' मोठा आणि 'ए' छोटा ही दोन वेगळी माणसं वाटतात.

बारा नंबरने दोन रात्री खाल्ल्या. फोटो हरिहर किल्ल्याचा. कातळात कोरलेल्या त्या सरळसोट पायऱ्या, खाचांत बोटं रोवून चढतात त्या. फाइलचं नाव साधंच, 'हरिहर-पायऱ्या'. सर्व्हरवर फाइल आहे. पानावरही तेच नाव. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर मिळवलं. सगळं तेच. आणि सर्व्हर म्हणतो ४०४, अशी फाइलच नाही.

घोटाळा 'पायऱ्या'मधल्या त्या र मध्ये होता. पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही, त्याचे बाइट जातात. आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'क' पाठवायचा तर तो टक्के-ई-शून्य, टक्के-ए-चार, टक्के-नऊ-पाच असा नऊ चिन्हांत लिहिला जातो. एवढ्यावर काही अडत नाही. पण 'ऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे त्याचं स्वतःचं स्वतंत्र चिन्ह. दुसरं, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. शिवाय साधा र्, मग न दिसणारा जोडक आणि मग य, अशी तिसरी रीतही काही कीबोर्ड वापरतात. स्क्रीनवर तिन्ही 'पायऱ्या'च दिसतात. बाइट मात्र तिन्हींचे निराळे.

तो फोटो आमच्या एका मित्राच्या जुन्या हार्डडिस्कवरून आला होता, मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेतली डिस्क. २०१७ च्या आधीची ती व्यवस्था नाव साठवतानाच अशी चिन्हं फोडून ठेवते, म्हणजे र आणि नुक्ता. मी पानावर टाइप केला होता तो अखंड ऱ. माझा मॅक उदार, हे दोन्ही एकच आहेत असं समजून फाइल देतो. लिनक्स बाइट मोजतो आणि हात वर करतो. ब्राउझर या भानगडीत पडतच नाही. जे बाइट दिले तेच तो पुढे पाठवतो, आणि त्यात त्याची चूकही नाही.

दऱ्या, वाऱ्या, कोपऱ्या, ताऱ्या: मराठीत असे शब्द किती, आणि किल्ल्यांच्या साइटवर तर विचारूच नका. मी शेवटी सगळ्या फाइलींची नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मधे आडवी रेघ देऊन केली. मराठीचा अभिमान फोटोखालच्या ओळीत आणि फोटोच्या पर्यायी मजकुरात दाखवावा, तिथे तो वाचला जातो. फाइलच्या नावात तो फक्त सर्व्हरला दिसतो आणि सर्व्हरला त्याचं काही नाही.

कुठे कुठे बघायचं

सगळी उपकरणं विकत घ्यायची नसतात. घरकामाला येणाऱ्या मावशींचा जिओफोन, वाचनालयातला विंडोज ७, मामांचा आयपॅड, सोसायटीतल्या एखाद्या मुलाचा नवा आयफोन. चहाच्या बदल्यात होतं काम. जे मिळत नाही त्यासाठी खऱ्या फोनवर दुरून तपासू देणाऱ्या सेवा आहेत. त्यातली नावाजलेली ब्राउझरस्टॅक २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली. विंडोजवर सफारी मिळत नाही, ॲपलने ती २०१२ मध्येच थांबवली. तिथे डेव्हलपर मित्राला प्लेराइट नावाचं साधन विचारा, त्यातून वेबकिट इंजिन विंडोजवरही चालवता येतं. जुन्या आयपॅडची बरोबरी मात्र त्याने होत नाही.

क्रोमच्या एफ१२ मध्ये 'आयफोन' निवडायची सोय असते. तिच्यावर जाऊ नका. तिथे स्क्रीनचा आकार आणि ब्राउझर सर्व्हरला सांगतो ते ओळखपत्र बदलतं, इंजिन क्रोमचंच राहतं. ओळखपत्राचं तर बोलायलाच नको, सगळेच ब्राउझर स्वतःला अजून 'मोझिला' म्हणवतात. त्याच एफ१२ मध्ये रेंडरिंग नावाचा एक आडबाजूचा भाग आहे. तिथे वेबपी बंद, एव्हीआयएफ बंद अशा दोन खुणा करता येतात. त्या करून पान पुन्हा उघडा. पिक्चर टॅगच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत की नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं. दिवाळीत मला एवढं जरी माहीत असतं!

फोटो दुसऱ्या सर्व्हरवर नेणार असाल तर जुन्या उपकरणावर आणखी एक गोष्ट बघा: त्या सर्व्हरचं सर्टिफिकेट. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा आयओएस ९ सारख्या जुन्या सिस्टिमवर कितीतरी साइट उघडेनाशा झाल्या. फोटोंचा सर्व्हर वेगळा असला की पान उघडतं, फोटोच येत नाहीत, आणि कारण लवकर सुचत नाही. तसंच पान एचटीटीपीएसवर आणि फोटोचा पत्ता मात्र साध्या एचटीटीपीचा असेल, तर आजचे ब्राउझर बहुधा तो पत्ता स्वतःच सुरक्षित करून बघतात, आणि तिथे फोटो मिळाला नाही तर सोडून देतात.

बदल केल्यावरचंही सांगतो. फोटो दिसला नाही की ब्राउझर पानाला आतल्या आत एक इशारा देतो, उलगडता आला नाही तरीही देतो. तो इशारा पकडून आपल्या सर्व्हरला कळवणारी दोन-चार ओळींची स्क्रिप्ट लिहिता येते. मामांना जे बोलायचं सुचलं नाही ते मग त्यांचा आयपॅडच सांगतो. स्क्रिप्ट न चालणाऱ्या ठिकाणची बातमी तरीही येणार नाही, पण निम्मी शांतता तर मोडते.

आणि जुने पत्ते? ते तुमच्या पानांपुरते नसतात. कुणी ते ईमेलमध्ये पाठवलेले असतात, कुणाच्या साइटवर डकवलेले असतात, व्हॉट्सॲपच्या ढकलपत्रांतून फिरत असतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय, म्हणजे रिडायरेक्ट, करताना आधी तात्पुरती करा, आकडा ३०२. कायमची, ३०१, ब्राउझर बराच काळ लक्षात ठेवतात. तिच्यात चूक झाली तर तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलीत तरी लोकांच्या फोनमध्ये जुनी चूक तशीच राहते. महिनाभर ३०२ वर चालू द्या, मग पक्कं करा.

मी तर जुना फोल्डर अजून हलवलेलाच नाही. पन्नास रुपयांची जागा खात असेल, खाऊ दे. मागच्या महिन्यात लॉग चाळताना त्या फोल्डरमधल्या एका जेपीजीची मागणी दिसली, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, कुठल्याशा जुन्या अँड्रॉइडवरून. रायगडाचा, टकमक टोकावरून घेतलेला फोटो. कोण होतं ते कळायला मार्ग नाही. पुढे '२००' होता, आणि या वेळी फाइल जेपीजीची होती.